तिखटमिठाची टकिला: सांग्रिता आणि वाम्पिरो घरी कसे जमवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी तिखट-खारट चवीचं टकिला कॉकटेल करून पाहिलं. ३० मिली टकिला, १५० मिली डब्यातला टोमॅटो ज्यूस, लाल तिखट, मिरपूड, लिंबू. चव थंड झालेल्या टोमॅटो सारासारखी आली, तिखट सगळं तळाशी बसलं, शेवटच्या घोटाला ठसका लागला आणि ग्लासच्या काठाचं मीठ ओघळून आत गेलं. मेक्सिकोत खरंच असं पितात का, आणि नेमकं चुकतं कुठे?

चूक प्रमाणाची थोडी आहे, घराण्याची जास्त. तुम्ही या पेयाला साराच्या घराण्यात बसवलंत. ते आहे पेरूच्या फोडीला तिखटमीठ लावून खाण्याच्या घराण्यातलं. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात: पाया टोमॅटोचा नाही, आंबटगोड फळाच्या रसाचा, मिरची वरून भुरभुरायची नाही, वाटून गाळून रसात मुरवायची, आणि मीठ फक्त काठावर नाही, पेयाच्या आतही हवं.

मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात, ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेला चापाला नावाचं मोठं सरोवर आहे. सांग्रिता, म्हणजे टकिलाबरोबर घोट घोट प्यायचा आंबट-तिखट फळांचा रस, तिथली. नावाचा अर्थ ‘छोटंसं रक्त’, रंगावरून पडलेला. प्रचलित कथेनुसार १९२० च्या दशकात तिथल्या एका खाणावळीत टकिलाबरोबर फळांच्या फोडी देत. संत्रं, काकडी, हिकामा (सलगमसारखा गोल, कच्चा खायचा रसाळ कंद), वर मीठ आणि मिरचीपूड. फोडी संपल्यावर वाडग्याच्या तळाशी जो लाल, आंबट, खारट रस उरे, तो लोकांना इतका आवडू लागला की तो वेगळा करून देणं सुरू झालं. खाणावळीच्या मालकिणीच्या नावाशी जोडलेली ‘वियुदा दे सांचेस’, म्हणजे ‘सांचेसची विधवा’, ही बाटलीबंद सांग्रिता आजही विकली जाते. कथेतला तपशील पुढेमागे असू शकतो, पण चवीचा वंश त्यात बरोबर सांगितला आहे. फळांच्या या कोशिंबिरीला हालिस्कोत ‘पिको दे गायो’ म्हणतात. मेक्सिकोत इतरत्र त्याच नावाने टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मिळते, त्यामुळे परदेशी पाककृतींमध्ये गोंधळ होतो.

टोमॅटो नंतर आला, आणि हालिस्कोबाहेर तर तो इतका रुळला की अनेक ठिकाणी सांग्रिता म्हणजे टोमॅटो ज्यूस असंच समजतात. वोडकाच्या ब्लडी मेरीत वोडकाऐवजी टकिला घातली की ती ब्लडी मारिया. तुम्ही नकळत तीच करायला गेलात. ती वाईट नसते, तिच्याकडे शेवटी येतो. पण टकिलाला स्वतःची हिरवट, मिरीसारखी, भाजलेल्या कंदासारखी चव असते. वोडकाला तशी ठळक चव नाही, म्हणून टोमॅटोचा जाड पडदा तिला चालतो. टकिलावर तो पडदा टाकला की पैसे वाया.

सांग्रिता प्यायची रीत साधी आहे. उंच, अरुंद, छोट्या ग्लासला ‘काबायीतो’ म्हणतात, म्हणजे छोटा घोडा. एका काबायीतोत टकिला, दुसऱ्यात सांग्रिता. एक घोट याचा, एक घोट तिचा. दोन्ही सावकाश. तिसऱ्यात लिंबाचा रस ठेवला तर हिरवा, पांढरा, लाल असा मेक्सिकोचा झेंडा होतो आणि त्या त्रिकुटाला ‘बांदेरा’, म्हणजे झेंडाच म्हणतात. मीठ चाटा, टकिला एका दमात रिचवा, लिंबू चोखा, हा प्रकार हलक्या टकिलाची धग लपवायला ठीक. बरी बाटली उघडली असेल तर त्याची गरज नसते.

वाम्पिरो हे याचंच पुढचं रूप, आणि तुम्हाला हवं असलेलं ‘कॉकटेल’ हेच. चापाला सरोवराच्या दक्षिण काठावर सान लुइस सोयात्लान नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर टकिला, सांग्रिता, लिंबू, मीठ आणि ग्रेपफ्रूटचा सोडा प्लास्टिकच्या पिशवीत भरून, नळी खोचून, गाठ मारून हातात देतात. आपल्याकडे पार्सल रस्सा मिळतो तसं. पेयाचा थाट एवढाच. त्यामुळे घरी करताना स्फटिकाचे ग्लास शोधत बसू नका.

आता सांग्रिता. खालचं प्रमाण साधारण ५०० मिलीचं, पाच-सहा वाम्पिरोंना पुरेल इतकं.

संत्र्याचा ताजा रस ३०० मिली
कागदी लिंबाचा रस ७५ मिली
डाळिंबाचा रस १०० मिली
सुक्या मिरचीची गाळलेली पेस्ट २५ ते ३० मिली
मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा

संत्र्याबद्दल सावध राहा. चापालाकडे आंबट संत्रं वापरण्याची पद्धत आहे. आपलं नागपुरी संत्रं गोड. म्हणूनच वर लिंबू इतकं जास्त आहे. लिंबाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. मेक्सिकोतलं छोटं, पातळ सालीचं, उग्र वासाचं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू ही एकाच जातीची फळं. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत मोठ्या बिनबियांच्या लिंबाची मापं असतात, त्यापेक्षा आपल्या मंडईतलं लिंबू मूळ चवीच्या जवळ जातं.

नागपुरी संत्रं मिक्सरमधून काढू नका. बिया आणि पाकळ्यांची पांढरी त्वचा भरडली गेली की रस काढताना गोड लागतो, पण अर्ध्या-एक तासात कडू होत जातो. ही खोड संत्र्यात ठळक आहे आणि गाळून जात नाही, कारण कडवटपणा रसात उतरलेला असतो. अर्धं कापून हाताने किंवा साध्या रसयंत्रावर हलक्या दाबाने पिळा आणि लगेच गाळा. लिंबूही फार चेपू नका. सालीतलं तेल थोडं आलं तर सुवास, जास्त आलं तर औषध. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये एक-दोन झटक्यांपुरतेच फिरवायचे, बी फुटता कामा नये, नाहीतर तोंड आवळतं. सोलापूरकडचं भगवा डाळिंब रंगाला उत्तम. डाळिंबाच्या नावाने मिळणारं लाल सिरप वापरायचंच असेल तर १०० मिली नाही, ३० मिली पुरे, आणि मग उरलेल्या जागी संत्र्याचा रस वाढवा. ते जवळजवळ साखरच असतं.

मिरची हा या पेयाचा कणा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. मेक्सिकोत यासाठी ग्वाहीयो ही कमी तिखट, गडद लाल, किंचित आंबूस सुकी मिरची आणि तिखटपणासाठी चिले दे आर्बोल किंवा बारीक गोल पिकीन वापरतात. आपल्याकडे हे काम ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून करतात. ब्याडगी रंग आणि गोडसर वास देते, संकेश्वरी झणका. चार ब्याडगी आणि एक संकेश्वरी, देठ-बिया काढून, मध्यम आचेच्या तव्यावर उलथन्याने दाबत प्रत्येक बाजू २० ते ३० सेकंद. वास सुटला आणि मिरची लवचीक झाली की उतरवा. काळा डाग पडला तर ती मिरची बाजूला टाका. जळकेपणाचा कडूपणा मीठ-साखरेने झाकत नाही. खिडकी उघडी ठेवा हे मराठी घरात सांगायला नको. भाजलेल्या मिरच्या उकळत्या पाण्यात २० मिनिटं भिजवा, त्यातलंच दोन-तीन चमचे पाणी घालून गुळगुळीत वाटा आणि बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. गाळण्याचा कंटाळा केलात तर तुमचा जुना प्रश्न परत येईल.

कारण मिरचीतला तिखटपणा देणारा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतो. नुसत्या रसात मिरचीचे कण तरंगत असतील तर रस सौम्य लागतो. त्यात टकिला पडली की तेच कण तिखट सोडू लागतात, आणि ग्लास हातात असताना पेय दर मिनिटाला तिखट होत जातं. तुमचं लाल तिखट तळाशी बसून शेवटच्या घोटाला ठसका लावून गेलं त्याचं कारण हेच. कण गाळले की तिखटपणा आहे तिथे थांबतो.

सगळं एकत्र करून, मीठ पूर्ण विरघळवून, सांग्रिता फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा. लगेच प्यायलात तर मिरची वेगळी, संत्रं वेगळं लागतं. काही पाककृतींत किसलेला कांदा असतो. चव चांगली येते, पण दुसऱ्या दिवशी सांग्रितेला डब्यातल्या कोशिंबिरीचा वास येतो. त्याच संध्याकाळी संपवणार असाल तरच १५ ग्रॅम कांदा किसून, पिळून त्याचा फक्त रस घाला. बिनकांद्याची सांग्रिता फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते, मात्र लिंबू पहिल्या दिवसानंतर मलूल होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी वापरताना थोडं ताजं लिंबू पिळायचं.

चव पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. थंडपणा गोडी आणि तिखट दोन्ही दाबतो. खोलीच्या तापमानाला असलेली सांग्रिता थोडी जास्तच गोड, थोडी जास्तच तिखट आणि ठळक खारट लागली पाहिजे. बर्फात ती नेमकी बसेल. पण अतिरेक नको, कारण अल्कोहोल स्वतः जिभेवर तिखटासारखीच जळजळ करतं आणि सोड्याचे बुडबुडे त्यात भर घालतात. तीन ठिकाणांहून झणका येणार आहे, हे धरून मिरची एक पायरी खालीच ठेवायची.

वाम्पिरोसाठी ४०० मिलीचा उंच ग्लास घ्या. काठाला मीठ-मिरची लावून ग्लास फ्रिजमध्ये ठेवा. मग वरपर्यंत बर्फ, ६० मिली टकिला, ९० मिली सांग्रिता, १५ मिली लिंबाचा रस. लांब चमच्याने तळापासून दोन-तीनदा उचलल्यासारखं ढवळा. शेवटी ग्लास तिरका करून कडेने ९० मिली ग्रेपफ्रूट सोडा ओता आणि एकदाच हलकं ढवळा. सोड्यानंतर वरून मीठ टाकू नका. मिठाच्या प्रत्येक दाण्यावर बुडबुडे जमून सगळा वायू फसफसून निघून जातो, अर्धं पेय टेबलावर आणि उरलेलं मिळमिळीत. मीठ सांग्रितेत आधीच विरघळलेलं असतं, ते यासाठीच.

ग्रेपफ्रूट सोडा मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतो, पण गावात शोधत बसण्यापेक्षा पपनस घ्या. ४५ मिली पपनसाचा रस, १० मिली साखरेचा पाक आणि ४५ मिली साधा सोडा. पपनसाच्या पाकळीवरची जाड त्वचा पूर्ण सोलून मगच पिळा, कडूपणा तिच्यात असतो. थोडा कडवटपणा हवाच. मीठ तो मऊ करतं. सोडा म्हणून लिंबाचं गोड शीतपेय वापरलं तर चालेल का, असा पुढचा प्रश्न येणार. चालेल, पण मग वरचं १५ मिली लिंबू २० करा आणि पाक अजिबात नको. ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांना भोवतात. पाहुण्यांत कोणी अशा गोळ्या घेत असेल तर त्याच्यासाठी साधा सोडा.

काठाचं मीठ. ते ओघळतं याची कारणं दोन: टेबलावरचं बारीक मीठ आणि फार ओला काठ. बारीक मीठ लिंबाच्या रसात लगेच विरघळून पाझरतं. जाडं मीठ घ्या, खलबत्त्यात रव्याएवढं भरडा. २० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम ब्याडगीची पूड, १ ते २ ग्रॅम लिंबूसत्व. मेक्सिकोत यासाठी ताहीन नावाचं मिश्रण घरोघरी असतं: सुक्या मिरच्या, वाळवलेलं लिंबू आणि मीठ. ही कंपनी हालिस्कोतलीच, १९८५ पासूनची. ते मिळालं तर वापरा, नाही मिळालं तर काही अडत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे मिश्रण तासाभरात ओलं होतं. मीठ आधी कोरड्या तव्यावर मिनिटभर भाजून, पूर्ण गार करून मग मिरची मिसळा. लिंबाची फोड काठाच्या फक्त बाहेरच्या बाजूने आणि फक्त अर्ध्या घेरावर फिरवा. ग्लास बशीत उलटा दाबू नका, आडवा धरून काठ मिश्रणावरून फिरवा. आत मीठ गेलं नाही तर पेयाचं प्रमाण बिघडत नाही, आणि ज्याला मीठ नको असेल तो दुसऱ्या बाजूने पितो.

इथे चाट मसाला किंवा काळं मीठ घालायचा मोह आवरा. काळ्या मिठाचा गंधकाचा वास जलजिऱ्यात छान, टकिलाशी त्याचं भांडण होतं. आमचूर चालेल, पण ओल लवकर धरतो आणि गोळे होतात.

टकिला कोणती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चवीतला निम्मा हिशोब तिथेच आहे. लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ असं स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत लिहिलेलं हवं; अगावे म्हणजे टकिला जिच्यापासून होते ती घायपाताच्या कुळातली वनस्पती. ते नसेल तर ती ‘मिश्तो’. तिच्यातल्या आंबवलेल्या साखरेपैकी ५१ टक्केच अगावेची असणं बंधनकारक असतं, बाकी उसाची वगैरे चालते. ‘गोल्ड’ म्हणून मिळणारी टकिला बहुतेकदा याच वर्गातली, रंग कॅरमेलचा. सोनेरी रंग म्हणजे मुरलेली असं नाही. लाकडात किमान दोन महिने ठेवलेली ‘रेपोसादो’, किमान एक वर्ष ‘आन्येहो’, तीन वर्षं ‘एक्स्त्रा आन्येहो’. वाम्पिरोला ‘ब्लांको’ म्हणजे न मुरवलेली पांढरी टकिला सगळ्यात चोख. भाजक्या मिरचीचा वास पुढे आणायचा असेल तर रेपोसादो. आन्येहो यात ओतू नका, लाकडाची व्हॅनिलासारखी गोडी आणि मीठ-मिरची एकमेकांना मारतात. हालिस्कोतल्या तेकिला गावाभोवतीच्या खोऱ्यातली टकिला साधारणपणे मातकट, मिरीच्या चवीची, तर पूर्वेच्या उंच पठारावरची गोडसर, फुलांच्या वासाची असते. तिखट-खारट पेयाला खोऱ्यातली बरी पडते. प्रत्येक अस्सल बाटलीवर ‘नोम’ या शब्दापुढे चार आकडी क्रमांक असतो; ती भट्टीची ओळख. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांवर तोच क्रमांक दिसला तर समजायचं, दोन्ही एकाच घरातून आल्या.

टकिलासाठी अगावे निळंच लागतं. ते झाड वाढायला सहा-सात वर्षं किंवा जास्त लागतात, मग ‘हिमादोर’ नावाचे कामगार लांब दांड्याच्या धारदार ‘कोआ’ने पानं छाटून अननसासारखा दिसणारा गाभा काढतात. तो भाजून, चिरडून, आंबवून, ऊर्ध्वपातन. १९७४ पासून हे नाव मेक्सिकोत भौगोलिक हक्काने संरक्षित आहे: संपूर्ण हालिस्को आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या चार राज्यांतले ठरावीक तालुके. तेकिलाच्या अगावेच्या शेतांना आणि जुन्या भट्ट्यांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. आपल्या माळरानावर, बांधावर, रेल्वेमार्गाकडेला दिसणारा घायपात हा याच कुळातला. वाख काढून दोर वळायचा तो. आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतो आणि मरतो, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मेक्सिकोत तो दांडा वाढू देत नाहीत, कारण सगळी साखर त्यात खर्च होते. भारतात दख्खनच्या अगावेपासून बनलेली आणि गोव्यात बाटलीबंद होणारी मद्यं आता मिळतात; त्यांना टकिला म्हणता येत नाही, ‘अगावे स्पिरिट’ म्हणतात. वाम्पिरोत ती चांगली लागतात. चव जास्त हिरवट असते, म्हणून सांग्रिता १० मिलीने वाढवा.

हिरव्या मिरचीचं काय? बारमध्ये ‘पिकांते’ नावाने जी पेयं मिळतात त्यांत बहुधा हिरव्या मिरचीत मुरवलेली टकिला किंवा ताजी मिरची असते. मुरवताना परदेशी पाककृतीतला ‘एक हालापेन्यो, २४ तास’ हा सल्ला आपल्या मिरचीला लावलात तर बाटली फेकावी लागेल. हालापेन्यो आपल्या लवंगीपुढे कितीतरी पट सौम्य. २५० मिली ब्लांकोत एक बारीक हिरवी मिरची उभी चिरून घाला, आतली पांढरी शीर काढून, कारण तिखटाचा मुख्य साठा बियांत नसून त्या शिरेत असतो. पाचव्या मिनिटाला थेंबभर पाण्यात मिसळून चाखा, मग दर दोन मिनिटांनी. पंधरा मिनिटांच्या पुढे सहसा जावं लागत नाही. मिरची काढून टाकली की टकिला महिनोन्महिने टिकते. जास्त तिखट झाली तर साखर ओतून उपयोग नाही. तेवढीच साधी टकिला मिसळून धार कमी करायची. हिरव्या मिरचीच्या टकिलाबरोबर लाल सांग्रिता नको, दोन्ही एकमेकांवर चढतात. तिच्याशी काकडी, लिंबू, कोथिंबिरीचे देठ आणि मीठ.

आता तुमची टोमॅटोची बाटली. तीच वापरायची असेल तर १५० मिलीवरून ९० वर या, टकिला ३० वरून ५० करा. मूळ कृतीत टकिला इतकी कमी होती की टोमॅटोने तिला गिळलंच. त्यात ३० मिली संत्र्याचा रस घाला, एवढ्यानेही साराचा भास निम्मा जातो. लिंबू १५ मिली, वरची मिरचीची पेस्ट अर्धा चमचा, मिरपूड नावापुरती. डब्यातल्या टोमॅटो ज्यूसमध्ये मीठ असतं, म्हणून आधी चाखा. मेक्सिकोत यात वूस्टर सॉस घालतात, त्याला तिथे ‘इंग्लिश सॉस’ म्हणतात. मूळ पद्धतीच्या वूस्टरमध्ये अँकोव्ही मासळी असते; शाकाहारी पाहुणे असतील तर लेबल वाचा किंवा अर्धा चमचा सोया सॉस घाला. हे मिश्रण शेकरमध्ये जोरात घुसळू नका, टोमॅटोला फेस येतो आणि पेय पातळ, दाणेदार होतं. दोन ग्लासांत बर्फासकट चार-पाच वेळा इकडून तिकडे ओता, चहावाला चहा ओततो तसं.

मातीच्या भांड्यातून द्यायची इच्छा असेल तर तीही हालिस्कोचीच रीत. ‘कांतारितो’ म्हणजे छोटं मातीचं मडकं, त्यात टकिला, संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूटचा रस, मीठ आणि सोडा. आपलं न झिलई दिलेलं बोळकं किंवा कुल्हड चालतं. वापरण्याआधी दहा मिनिटं थंड पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर माती पेय शोषते आणि पहिल्या घोटात मातीच जास्त लागते. रंगवलेलं किंवा शोभेचं मडकं नको. आंबट रसात रंग उतरतो.

गोव्यात उर्राक पिणाऱ्यांना ही सगळी चव ओळखीची वाटेल. काजूच्या हंगामातली ती पहिल्या धारेची दारू लिंबाचं शीतपेय, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालूनच पितात. मिरची स्वतः मेक्सिकोच्या बाजूने पोर्तुगिजांबरोबर इथे आली, तेव्हा हे नातं फार लांबचंही नाही. फक्त वाम्पिरोत टकिलाऐवजी फेणी घालू नका, काजूचा वास सांग्रितेला बोलूच देत नाही.

दहा जणांसाठी: टकिलाची ७५० मिलीची एक बाटली, वरच्या प्रमाणाच्या दुप्पट सांग्रिता, सुमारे १५० मिली लिंबाचा रस आणि तीन किलो बर्फ. टकिला, सांग्रिता, लिंबू आधी मिसळून बाटल्यांत थंड करा, सोडा मात्र प्रत्येक ग्लासात शेवटी. घरच्या फ्रिजरमधला बर्फ बाहेर ठेवला की घामेजतो आणि पेय पाणचट करतो. फ्रिजरमधून काढून थेट ग्लासात टाका. गच्चीवर उन्हात लिंबं पिळणार असाल तर नंतर हात साबणाने धुवा, सालीचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे उठतात. आणि ६० मिली टकिलात सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तिखट, आंबट, थंड असल्यामुळे ते जाणवत नाही, दोन ग्लासांनंतर जाणवतं. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. न पिणाऱ्यांना तेवढीच सांग्रिता, दुप्पट सोडा आणि तोच तिखटमिठाचा काठ द्या; फोडी खाऊन उरलेला वाडग्यातला रस आधी नुसताच प्यायला जात होता.